जुन्या जीपगाडीची घरगुती दुरुस्ती

एक वा अधिक मालकांनी वापरलेली जीपगाडी विकत घेतल्यावर तिच्यातील दोष ओळखणे आणि सामान्य हत्यारांच्या साहाय्याने ते घरच्या घरी दूर करणे, या कामाची माहिती प्रस्तुत नोंदीत दिली आहे. मुख्यतः विलिस पद्धतीची चार सिलिंडरांची पेट्रोल जीप येथे विचारात घेतली असून डीझेल एंजिनाच्या जीपचा उल्लेख शेवटी थोडक्यात केला आहे.

चारही चाकांना शक्ती पुरविता येणारी ही हलकी गाडी अमेरिकेच्या लष्कराने १९४० साली केलेल्या मागणीतून निर्माण झाली. अमेरिकन बँटम, विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या तीन कंपन्यांच्या आराखड्यांतून तिचे रूप निश्चित झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९४५ पासून विलिस कंपनीने नागरी वापराचे नमुने काढले. त्यांपैकी सीजे-३बी हा नमुना अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात बनत होता. भारतात महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने १९४०–५० या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जोडणी सुरू केली व पुढे सीजे-३बी हा नमुना दीर्घकाळ तयार केला. पाटबंधारे, वन व आरोग्य या खात्यांच्या सेवेतून आणि साखर कारखान्यांच्या आवारांतून निघालेल्या या गाड्या महाराष्ट्रात पुष्कळांच्या हाती आल्या.

ही गाडी घरी दुरुस्त करता येते, असा तिचा लौकिक आहे व तो बऱ्याच अंशी खरा आहे. तिचे भाग थोडे व जाड घडणीचे असून बहुतेकांपर्यंत हात पोहोचतो. परंतु या लौकिकामुळेच तिच्यावर अनेकांचे हात चाललेले असतात. पुष्कळसे दोष झिजेमुळे नव्हे, तर पूर्वी केलेल्या कामचलाऊ दुरुस्त्यांमुळे उद्‌भवलेले आढळतात : चुकीच्या आट्यांचा ठोकून बसविलेला बोल्ट, दुसऱ्याच गाडीचा कार्ब्युरेटर, ताप वाढतो म्हणून काढून टाकलेला थर्मोस्टॅट, चिकटपट्टीने गुंडाळलेली वायर. म्हणून नव्या मालकाने प्रथम गाडी वाचावी व मग पाना हाती घ्यावा, हा क्रम सोयीचा ठरतो.

खरेदीपूर्व तपासणी : एंजिन पुन्हा बांधता येते, पत्रा नवा घालता येतो, पण सांगाडा, म्हणजेच चासी, गंजलेली वा वाकलेली असल्यास बाकीचा खर्च वाया जातो. कोकणात व सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वापरलेल्या गाडीत पाट्यांच्या कमानी जेथे अडकविलेल्या असतात ते आधार, गिअर पेटीखालील आडवी पट्टी व जेथे दोन पत्रे एकावर एक जोडलेले असतात त्या जागा विशेष पाहाव्या लागतात. दोन पत्र्यांमध्ये अडकलेला चिखल पावसाळ्यानंतरही ओला राहतो व पत्रा आतून खातो. लहान हातोडीने ठोकत गेल्यास निरोगी पोलाद खणखणते, कुजलेली जागा बद्द वाजते. नव्या काळ्या रंगाचा जाड थर खालच्या बाजूस दिसला, तर तो खरवडून पाहिल्यावाचून सौदा करू नये. सांगाडा वाकलेला आहे किंवा नाही हे समतल फरशीवर ओळंब्याने चारही आधारांचे बिंदू खाली उतरवून व त्यांमधील कर्ण मोजून समजते. दोन्ही कर्ण समान आले पाहिजेत.

सांगाड्यावरील व एंजिनावरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहणे हाही तपासणीचाच भाग आहे. अनेक पेट्रोल जीपगाड्यांत पुढे डीझेल एंजिने बसविली गेली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार गाडीच्या नोंदलेल्या मूळ स्वरूपात स्वेच्छेने बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हे बंधन स्पष्ट केले आहे. एंजिन बदलल्याची अधिकृत नोंद नसलेली गाडी यांत्रिक दृष्ट्या कितीही उत्तम असली, तरी तिच्या नोंदणीचे नूतनीकरण अडू शकते.

जागा व सुरक्षितता : कामासाठी सपाट व टणक जमीन, हवेशीर आडोसा, भक्कम जॅक, लोखंडी घोड्यांच्या दोन जोड्या, पान्यांचा संच, फटीची जाडी मोजण्याच्या पात्यांचा फीलर गेज, संपीडन दाबमापक व साधा विद्युत् मापक एवढे साहित्य पुरते. जुन्या जीपचे बहुतेक बोल्ट इंची मापाचे असल्याने मिलिमीटरचे पाने त्यांना नेमके बसत नाहीत व डोकी गोल होतात. याशिवाय जुन्या नमुन्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट डाव्या आट्यांचे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविल्यावर सुटतात. हे माहीत नसल्याने पान्याला लांब नळी लावून बोल्ट तोडल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजात सापडतात.

या गाडीच्या बाबतीत सर्वांत घातक गैरसमज हातब्रेकविषयी असतो. विलिस पद्धतीच्या जीपचा हातब्रेक मागील चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रचालक दंडाच्या (इंजिनाची गती मागील आसाकडे नेणाऱ्या दंडाच्या) मुळाशी असलेल्या एका ड्रमवर असतो. चारही चाके जमिनीवर असताना तो गाडी धरून ठेवतो. परंतु मागचे एक चाक जॅकवर उचलले, की डिफरन्शियलमुळे प्रचालक दंड स्थिर असूनही जमिनीवरचे चाक एका दिशेने व उचललेले चाक विरुद्ध दिशेने फिरू शकते आणि हातब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून घसरते. गाडी गिअरमध्ये ठेवल्यानेही यात फरक पडत नाही, कारण गिअर पेटीचाही अंमल त्याच दंडावर चालतो. प्रचालक दंड सोडविला, तर हातब्रेक व मागील चाके यांचा संबंधच तुटतो. यासाठी मागचे चाक उचलण्यापूर्वी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावतात व चारचाकी प्रेषण जोडतात. पुढच्या चाकांना सुटे हब बसविलेले असल्यास तेही जोडून ठेवावे लागतात. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबणे, विटांचा आधार देणे किंवा उतारावर काम करणे पूर्णपणे वर्ज्य आहे. जळाऊ विटा व सिमेंटचे पोकळ ठोकळे भाराखाली पूर्वसूचना न देता फुटतात.

जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. बंद खोलीत एंजिन चालू ठेवल्यास निष्कास वायूतील कार्बन मोनॉक्साइडाने माणूस बेशुद्ध होतो. या वायूला वास नसतो.

एंजिन सुरू न होणे : सीजे-३बी या नमुन्यातील ‘हरिकेन’ एंजिन चार सिलिंडरांचे असून त्याचे घनफळ सु. २,२०० घ. सेंमी. आहे. त्याच्या अंतर्ग्रहण झडपा माथ्यात व निष्कास झडपा सिलिंडरांच्या बाजूला ब्लॉकमध्ये असतात. माथ्याच्या या उंचीमुळेच या नमुन्याचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच दिसते. ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२ असा असतो.

आरंभक, म्हणजे स्टार्टर, एंजिन जोमाने फिरवीत नसेल, तर दोष प्रथम बॅटरीत न शोधता तिच्या जोडण्यांत शोधावा. बॅटरीच्या दोन टोकांमधील दाब आणि आरंभकाच्या टोकाशी मिळणारा दाब, हे दोन्ही आरंभक फिरत असतानाच मोजतात. या दोहोंत मोठा फरक पडत असेल, तर बॅटरी चांगली असून वाट खराब आहे, असे समजावे. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने त्याला सांगाड्याशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी आवश्यक असते. ही पट्टी तुटलेली किंवा पूर्वीच्या कारागिराने परत न लावलेली असेल, तर आरंभकाचा प्रचंड प्रवाह चोकच्या व प्रवेगकाच्या तारेतून वाट काढतो. स्टार्टर दाबल्यावर चोकची तार तापू लागणे हे त्याचे खात्रीचे लक्षण होय. कित्येक गाड्यांत या एका पट्टीपायी बॅटऱ्या व आरंभक बदललेले असतात.

एंजिन फिरते पण पेटत नाही, अशा वेळी ठिणगी व इंधन यांपैकी कशाचा अभाव आहे, हे आधी ठरवितात. प्लग काढून, त्याची वायर लावून, त्याचे अंग एंजिनाच्या लोखंडाला टेकवून पाहावे. पेट्रोल सांडलेले असताना ही परीक्षा करू नये. ठिणगी निळसर व टणक आवाजाची असावी. ती पिवळट किंवा अनियमित असल्यास वितरकातील पॉइंट, कंडेन्सर व कॉइल क्रमाने तपासतात. या एंजिनात पॉइंटांमधील फट ०·५१ मिमी. व प्लगची फट ०·७६ मिमी. ठेवतात, ठिणगी वरच्या मृत बिंदूपूर्वी ५ अंशांवर पडावी लागते. पॉइंट झिजले, की फट कमी होते आणि ठिणगीची वेळही मागे सरकते. म्हणून प्रथम फट व नंतर वेळ, हा क्रम उलटा करून चालत नाही. वितरकाच्या दंडाला हाताने हलवून पाहिल्यावर तो आडवा हलत असेल, तर फट कितीही काळजीपूर्वक साधली तरी ती प्रत्येक फेऱ्यात बदलत राहते. अशा वितरकाची बुश बदलणे हाच उपाय असतो.

इंधनाच्या बाजूने पाहता, टाकीतील गंज व पंपातील पडदा हे दोन नेहमीचे दोषी. वर्ष-दोन वर्षे उभ्या असलेल्या गाडीची टाकी न धुता एंजिन सुरू करण्याची घाई केल्यास गंजाचे कण कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत बसतात व पुढचे कित्येक दिवस तेच काम पुरते. उन्हाळ्यात एंजिन तापल्यावर बंद पडते व निवल्यावर पुन्हा सुरू होते, याचे कारण नळीत पेट्रोलची वाफ धरणे हे असू शकते. मात्र तापलेल्या कॉइलचाही असाच परिणाम होतो. बंद पडल्याबरोबर ठिणगी पाहिली, तर या दोहोंतील भेद लगेच कळतो. भारतात २०२३ पासून २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले. जुन्या रबराचे पडदे व नळ्या आणि बुचाची गॅस्केटे अशा इंधनात लवकर खराब होतात, शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे पंप व कार्ब्युरेटर यांचे संच बदलताना इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे भाग घ्यावेत आणि गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असल्यास टाकी अर्धवट भरलेली ठेवू नये.

धूर व संपीडन : निळा धूर दिसला की दट्ट्याच्या रिंगा झिजल्या, असा निष्कर्ष काढून एंजिन खोलण्याची प्रथा आहे. ती बरीच खर्चिक असून नेहमीच योग्य नसते. जुन्या जीपच्या इंधन पंपाचे बऱ्याच वेळा दोन भाग असतात. खालचा पेट्रोल ओढतो व दुसरा काचपुसणी चालविण्यासाठी निर्वात निर्माण करतो. या दुसऱ्या भागातील पडदा फाटला, तर अंतर्ग्रहण नळीतील निर्वातामुळे एंजिनाच्या तळातील तेल सरळ सिलिंडरांत ओढले जाते आणि रिंगा शाबूत असूनही गाडी निळा धूर ओकू लागते. पंपाकडून येणारी निर्वात नळी काढून तिचे एंजिनाकडील तोंड घट्ट बंद करावे व एंजिन चालवून पाहावे. आधीचे साचलेले तेल जळून गेल्यावर धूर थांबला, तर दोष पंपाचा. पेट्रोलकडील पडदा फाटल्यास उलट प्रकार घडतो : पेट्रोल तळात उतरते, तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसते व मोजपट्टीला पेट्रोलचा वास येतो. असे पातळ झालेले तेल धारव्यांचे, म्हणजे बेअरिंगांचे, रक्षण करू शकत नाही. तेल ‘वाढले’ म्हणून समाधान मानणाऱ्याचे एंजिन थोड्याच दिवसांत ठोकू लागते.

संपीडन मोजताना एंजिन गरम करून, सर्व प्लग काढून व प्रवेगक पूर्ण दाबून ठेवून प्रत्येक सिलिंडराचा दाब घेतात. प्रत्यक्ष आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील तफावत महत्त्वाची असते. ती दर चौ. इंचास १० पौंडांहून, म्हणजे दर चौ. सेंमी.स सु. ०·७ किग्रॅ.हून, अधिक नसावी. ज्या सिलिंडराचा दाब कमी आला त्यात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर गळती रिंगांतून होते. तसाच राहिला तर झडपांतून किंवा गॅस्केटमधून. शेजारच्या दोन सिलिंडरांचे दाब एकदमच कमी असल्यास त्यांच्यामधील गॅस्केट जळलेले असण्याचा संभव असतो. झडपांची फट, एंजिन थंड असताना, अंतर्ग्रहणासाठी ०·४६ मिमी. व निष्कासासाठी ०·४१ मिमी. ठेवतात. वरच्या झाकणाखाली फक्त अंतर्ग्रहण झडपा दिसतात. निष्कास झडपा ब्लॉकच्या बाजूच्या झाकणामागे असल्याने त्या कित्येक वर्षे कोणी पाहिलेल्या नसतात आणि जळतात बहुधा त्याच.

माथा काढताना एक बोल्ट हमखास नजरेआड राहतो. तो कार्ब्युरेटरच्या खाली, अंतर्ग्रहण मार्गाच्या आत असतो. बाकीचे सर्व बोल्ट काढूनही माथा सुटत नाही म्हणून पहार घालून तो उचकटण्याचा प्रयत्न केल्यास बिडाचा पृष्ठभाग ओरबाडला जातो किंवा माथा तडकतो.

तापण्याच्या तक्रारीत गाडी केव्हा तापते याला महत्त्व आहे. सावकाश चालताना तापत असेल तर पंख्याचा पट्टा, पंख्याभोवतीचे आवरण व शीतकाच्या (रेडिएटरच्या) पाकळ्यांतील चिखल पाहावा. वेगात वा चढावर तापत असेल तर शीतकाच्या नळ्यांतील क्षार व मागे सरकलेली ठिणगी. टोपण उघडे ठेवून एंजिन चालविल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर ज्वलनवायू गॅस्केटमधून पाण्यात शिरत आहेत. तापलेल्या शीतकाचे टोपण काढू नये आणि कोरड्या पडलेल्या गरम एंजिनात थंड पाणी ओतू नये.

प्रेषण व चारचाकी चाल : गिअर पेटीच्या मागे ट्रान्सफर केस असून तिच्यातून पुढील व मागील आसांकडे शक्ती वाटली जाते. सीजे-३बी मध्ये तिचे खालचे गुणोत्तर २·४६ : १ असे असते. पुढील व मागील दंडांमध्ये डिफरन्शियल नसल्यामुळे चारचाकी चाल जोडलेली असताना दोन्ही दंड सारख्याच गतीने फिरतात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब मार्ग आक्रमितात. मऊ जमिनीवर हा फरक चाके किंचित घसरून भरून निघतो. डांबरी रस्त्यावर मात्र तसे होत नाही व सर्व प्रेषणात पीळ साठत जातो. मग चारचाकी चालीचा दांडा जोर लावला तरी सुटत नाही. ‘पेटी आतून बिघडली’ असे समजून ती उतरविण्याआधी गाडी काही मीटर सरळ मागे घ्यावी किंवा एक चाक उचलून पीळ सोडवावा. दांडा सहज सुटल्यास पेटीत दोष नाही. पुढच्या व मागच्या टायरांचा घेर निराळा असेल तर हाच त्रास सरळ रस्त्यावरही होतो. जुन्या गाडीत पुढे नवे व मागे झिजलेले टायर टाकण्याची काटकसर अशी अंगाशी येते.

पाण्यातून गेलेल्या गाडीचे आस हा स्वतंत्र विषय आहे. चालून तापलेला आस ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाला, की त्यातील हवा आकुंचन पावते. हवा आत घेण्यासाठी ठेवलेले छिद्र चिखलाने बुजलेले असल्यास तीलांमधून पाणी आत शोषले जाते. डिफरन्शियलचा खालचा प्लग सोडल्यावर दुधी रंगाचे तेल आले, तर पाणी शिरले असे समजावे. गाडी रात्रभर उभी असल्यास पाणी तळाशी बसून तेलाआधी बाहेर पडते. असे तेल बदलले नाही, तर धारव्यांवर गंजाचे डाग पडतात व त्यातून वेगाबरोबर वाढणारा गुरगुराट सुरू होतो. गिअर पेटी व ट्रान्सफर केस यांना निराळे प्लग आहेत. दोन्ही पेट्यांची पातळी एकाच वेळी तपासावी, कारण एकीतील तेल दुसरीत उतरू शकते.

क्लचच्या घराखालील छिद्रातून तेल ठिबकत असेल, तर ते एंजिनाचे की गिअर पेटीचे हे बोटावर घेऊन हुंगल्याने कळते. गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास येतो. प्रचालक दंडाचे क्रॉस तपासताना दंड हाताने उलटसुलट फिरवून टक् असा आवाज होतो का ते पाहतात. दंड दोन भागांत सुटल्यास त्यांवरील खुणा पुन्हा समोरासमोर आणाव्या लागतात. एका दात्याची चूक झाली तरी गाडी ठरावीक वेगाला थरथरू लागते.

सुकाणूचा थरथराट : ठरावीक वेगाला, विशेषतः खड्ड्यावरून गेल्यावर, पुढची चाके डावी-उजवीकडे फडफडू लागणे हा जुन्या जीपचा कुप्रसिद्ध दोष होय. सुकाणूचे चक्र हातात राहत नाही. पुष्कळ मालक यावर सुकाणूला शॉक ॲब्सॉर्बर जोडतात. त्याने लक्षण झाकले जाते, कारण तसेच राहते. कारणे शोधण्याचा क्रम असा : प्रथम टायरांतील हवा व तोल, नंतर चाकांचे धारवे, जे चाक जड होईपर्यंत आवळून नट सु. एक षष्ठांश फेरा मागे घेऊन बसवितात. त्यानंतर सांगाड्याच्या मध्यावरील बेलक्रँकची झीज आणि दांड्यांचे गोलाकार सांधे. हे सर्व निर्दोष असल्यास दोष बहुधा चाकाच्या वळणखुंटांच्या, म्हणजे किंगपिनांच्या, निमुळत्या धारव्यांत असतो. त्यांच्या टोपणाखालील पातळ पत्र्या काढून धारव्यांवर ठरावीक ताण आणावा लागतो. झीज अल्प असली तरी ताण गेला, की थरथराट सुरू होतो. शेवटी पुढील चाकांचा आतल्या बाजूचा कल, टो-इन, १·२ ते २·४ मिमी. असा साधतात. दोन्ही पुढच्या चाकांवर मागच्या बाजूला खडूने खूण करून अंतर मोजावे, गाडी पुढे ढकलून त्याच खुणा पुढे आणाव्यात व पुन्हा मोजावे. या दोन मापांतील फरक हाच टो-इन होय.

ब्रेक : जुन्या जीपचे ब्रेक एकाच द्रवमार्गावर चालतात. एका चाकाची नळी फुटली, की चारही चाकांचा ब्रेक जातो व उरतो तो केवळ प्रचालक दंडावरील हातब्रेक. घाटात वापरायच्या गाडीत म्हणून ब्रेकच्या कामाला एंजिनापेक्षा अग्रक्रम द्यावयास हवा. व्यवहारात नेमके उलट घडते. एंजिन सुरू झाल्याच्या आनंदात गाडी रस्त्यावर येते व ब्रेकचा विचार मागाहून होतो.

पायाला लागणारी जाणीव दोष सांगते. पायटा स्पंजासारखा दबत असेल तर मार्गात हवा आहे. दोन-तीनदा दाबल्यावर तो उंच येत असेल तर ब्रेक शू ड्रमपासून दूर आहेत व त्यांची जुळणी हवी. सारख्या दाबाखाली पायटा हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर किंवा चाकातील एखादा सिलिंडर गळतो आहे. बाहेर गळती दिसत नसल्यास मास्टर सिलिंडरातील रबर आतल्या आत गळू देते. पायटा टणक असून गाडी थांबत नसेल तर अस्तरांवर तेल वा ग्रीस आलेले असते. पुढील चाकात हे तेल चाकाच्या वळणसांध्याच्या बंद गोल घरातून येते. अस्तर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसवू नये, कारण तापल्यावर आत मुरलेले तेल वर येते.

चाक सुटत नाही, ड्रम तापतो, अशी तक्रार असल्यास दोन शक्यता असतात. चारही चाके धरत असतील तर पायट्याला सु. १२ मिमी. मोकळी चाल नाही किंवा मास्टर सिलिंडरातील परतीचे छिद्र बुजले आहे. एकच चाक धरत असेल तर त्याच्या रबरी नळीचा आतला थर सुटून झडपेसारखा झालेला असतो : जोराने ढकललेला द्रव आत जातो, परत येत नाही. अशी नळी बाहेरून नवी दिसते. त्या चाकाची हवा काढण्याची निपल सैल करताच चाक मोकळे झाले, तर नळी बदलावी. ब्रेकचा द्रव ओलावा शोषणारा असल्याने तो दोन वर्षांतून एकदा पूर्ण बदलतात. त्यात एंजिनाचे वा अन्य खनिज तेल मिसळल्यास सर्व रबरी भाग फुगतात. असे झाल्यावर एकही रबर ठेवता येत नाही.

मागचा ड्रम हबसह काढण्याची वेळ आल्यास आसाचे टोक निमुळते व चावीने बसविलेले असल्याचे ध्यानी घ्यावे लागते. त्यासाठी योग्य पुलर वापरतात. आसाच्या टोकावर घणाने ठोकल्यास धक्का आतील धारव्यांपर्यंत पोहोचतो. परत बसविताना नट पुरेसा आवळला नाही, तर चावी तुटून चाकाला शक्ती मिळेनाशी होते.

डीझेल जीप : १९८० नंतरच्या दशकात महिंद्रच्या गाड्यांत प्यूजो आराखड्याचे २,११२ घ. सेंमी. चे डीझेल एंजिन आले. एमएम ५४० हा त्यातील परिचित नमुना होय. या एंजिनात ठिणगी नसल्याने दोषशोधन वेगळे असते. थंडीत सुरू न होण्यास बहुधा तापणारे प्लग कारण असतात. प्रत्येकाची तार सोडवून तो प्रवाह घेतो का ते पाहावे. चालता चालता बंद पडणे, पुन्हा सुरू करण्यास फार वेळ लागणे ही इंधनमार्गात हवा शिरल्याची लक्षणे असून गाळणीचे बूच व नळ्यांच्या जोडण्या तपासून हवा काढतात. काळा धूर हवा कमी किंवा इंधन जास्त असल्याचे, तर पांढरा धूर इंधन न जळल्याचे दर्शवितो. अंतःक्षेपण पंप घरी उघडू नये. अंतःक्षेपकातून सुटणारी धार कातडी भेदून आत शिरण्याइतकी तीव्र असते, म्हणून तिच्यासमोर हात धरणे धोक्याचे आहे. अशी इजा वरवर लहान दिसली तरी तिला तत्काळ वैद्यकीय उपचार लागतात.

घरी करू नयेत अशी कामे थोडी पण निश्चित आहेत. सिलिंडरांचे छिद्र वाढविणे, भुजादंडाचे घर्षण (ग्राइंडिंग), डिफरन्शियलच्या दंतचक्रांची जुळणी आणि सांगाड्याचे वितळजोडकाम यांना यंत्रे व सराव लागतो. सुकाणूच्या दांड्यांना वितळजोड देऊन त्या पुन्हा वापरू नयेत. तुटलेली दांडी बदलावीच लागते.

सर्व काम झाल्यावर गाडी प्रथम मोकळ्या मैदानात, कमी वेगात चालवून ब्रेक चारही चाकांवर सारखा बसतो का ते पाहतात. त्यानंतर सु. पन्नास किमी. चालवून प्रत्येक ड्रमवर हाताची पाठ टेकवितात. एखादा ड्रम इतरांहून फार गरम असल्यास ते चाक धरत असते, अगदीच थंड असल्यास त्याचा ब्रेक काम करत नसतो. चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट व प्रचालक दंडाचे बोल्ट या पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळतात. गाडी एक रात्र स्वच्छ पुठ्ठ्यावर उभी करून सकाळी डाग पाहिल्यास उरलेल्या गळत्यांच्या जागा कळतात.